घरजावई फंक्शनं आणि एक लाल बटण

आमच्या कंपनीत किस्से कुणी गोळा करत नाही, ते चुनीसारखे आपोआप साचतात. डाळ मिलमध्ये डाळ पोत्यात जाते आणि चुनी, म्हणजे डाळीचा भुगा, कोपऱ्यात. कोपरा झाडायला कुणाला वेळ नसतो, आणि एक दिवस बघावं तर ढीग गुडघ्याला लागलेला असतो. मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "वैशाली, त्या बसूचा एखादा सांग ना." मी सांगते, त्या हसतात, आणि जिथं थांबायला पाहिजे तिथं मी थांबते. आज थांबणार नाही. हसू येईल तिथपर्यंत हसून घ्या.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. लातूरच्या एमआयडीसीत आमचं शेड आहे. डाळ निवडायच्या मशीनची कंट्रोल पेटी आम्ही बनवतो. मालक म्हणजे अप्पा. मूळचे उदगीरचे, कपाळाला भस्म, खिशाला टेस्टर. प्रोग्राम लिहिणारा बसवराज, म्हणजे बसू, निलंग्याचा. आणि मी मुदखेडची. मशीन बिघडलं की बॅग उचलून मिल गाठायची, शेठच्या शिव्या ऐकायच्या आणि परत यायचं, हे माझं काम. बाकी वायरिंगची मंडळी आहेत, पण त्यांना ह्यात ओढत नाही.

*

आमचं मशीन काय करतं ते एकदा समजून घ्या. पट्टा तुरीची डाळ वर नेतो आणि तिथून ती धारेनं खाली पडते. कॅमेरा एकेक दाणा बघतो. काळा, किडका दिसला की बारीक नळीतून हवेची फुंकर बसते आणि तेवढाच दाणा बाजूला उडतो. दाणा खाली पडायच्या आत बघणं, ठरवणं आणि फुंकणं, सगळं उरकायचं असतं.

सुरुवातीला आमच्याकडून ते उरकत नव्हतं. एका शेठनं बाहेरच्या कंपनीचं मशीन आणि आमचं मशीन शेजारी शेजारी लावून चालवलं. त्यांची डाळ सोन्यासारखी निघाली. आमच्या डाळीत काळे दाणे. शेठनं त्यातला एक उचलला, अप्पांच्या चहाच्या बशीत टाकला आणि विचारलं, "अप्पा, तुमच्या मशीनला मोतीबिंदू हाय का?"

अप्पांनी चहा संपवला, दाणा पुसून खिशात घातला आणि लातुरात आल्यावर बसूच्या कीबोर्डवर आणून ठेवला. "हे गेलं कसं?"

बसू म्हणाला, "अप्पा, प्रोग्राम पळतोय हो. पण दर दाण्यामागं त्याला दहा घरी जावं लागतंय."

मग त्यानं समजावलं. प्रोग्राममध्ये प्रत्येक छोट्या कामाचं एक फंक्शन असतं. रंग बघणारं एक, आकार मोजणारं एक, नळी उघडणारं एक. मुख्य काम चाललेलं असताना दर वेळी त्या त्या फंक्शनकडं जायचं, काम करून घ्यायचं आणि परत यायचं. ह्या येरझाऱ्यांत वेळ जातो. त्यावर उपाय असा, की त्या फंक्शनचा मजकूर उचलून जिथं गरज आहे तिथंच चिकटवायचा. हे काम कंपायलर करतो, म्हणजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत बदलून देणारा प्रोग्राम. त्याला इनलाइन करणं म्हणतात.

अप्पांनी डोळे मिटून विचार केला. "म्हणजे येणाजाणारा पाहुणा घरजावई करून घ्यायचा, म्हण की."

त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये इनलाइन हा शब्द कुणी उच्चारला नाही.

*

घरजावयांनी कमाल केली, हे मान्य करायला पाहिजे. काळा दाणा नजरेला पडायच्या आधी उडायला लागला. बशीवाल्या शेठनं मशीन ठेवून घेतलं. अप्पांनी पेढे वाटले आणि बसूला सगळ्यांसमोर "वाघ" म्हणाले. वाघाला तेवढं पुरे झालं. दिसेल ते फंक्शन तो घरात घ्यायला लागला.

कंपायलरला स्वतःची अक्कल असते. लहान फंक्शन तो घरात घेतो, मोठं दिसलं की बाहेर ठेवतो. बसूनं त्याच्यावर हुकूम चढवला, नेहमी इनलाइनच कर, विचारू नकोस. मी म्हटलं, "कंपायलर बनवणारी माणसं काही येडी नसतील." तर म्हणाला, "मॅडम, त्यांनी कधी तूरडाळ बघितली का?"

घरात घेतलेल्यांत एक विचित्र जावई होता. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली की 'काच पुसा' असा निरोप जुळवून पडद्यावर दाखवायचा, एवढंच त्याचं काम. कधीमधी लागणारा, पण त्याचं सामान मोठं. आता सामान म्हणजे काय, तर प्रत्येक फंक्शनला काम करताना आपले आकडे, अक्षरं पसरायला जागा लागते. ती जागा म्हणजे स्टॅक. भावकीतल्या सामाईक खळ्यासारखी. एकाची सोयाबीन उचलली की त्याच जागेवर दुसऱ्याची तूर पडते. पाहुणे येऊन-जाऊन होते तोवर थोडक्या जागेत सगळ्यांचं भागत होतं. घरजावई झाल्यावर प्रत्येकाचा वाटा त्या खळ्यात कायमचा राखून ठेवावा लागला.

मी विचारलं, "हा धूळवाला कशाला घरात? दिवसातून एकदा लागतो."

बसू म्हणाला, "राहू द्या हो मॅडम. गरीब हाय. कोपऱ्यात पडून राहील."

*

उदगीरच्या एका मिलमध्ये मशीन मधेच गोठायला लागलं. पडदा तसाच, नळ्या तशाच, काही हलत नाही. मी गेले, बंद केलं, चालू केलं, नीट चाललं. आठ दिवसांनी परत फोन. परत बंद केलं, चालू केलं. तिसऱ्यांदा गेले तर शेठनं आमच्या पेटीवर लिंबू-मिरची टांगलेली.

"मॅडम, तुमी येऊ नका आता. लिंबू बांधल्यापासनं एकदाबी बंद पडलं न्हाई."

खरंच पडलं नव्हतं. मी अप्पांना येऊन सांगितलं, तर म्हणाले, "पुढच्या पेटीसोबत लिंबू आपणच पाठवू. तुझा बसचा खर्च वाचला."

लिंबू बांधायच्या आधी त्या शेठनं पेटी, कॅमेरा, काच सगळं ओल्या फडक्यानं लख्ख पुसून घेतलं होतं आणि नंतर रोज पुसत होता. देवाचं काम म्हणून. ते त्यानं मला सांगितलं, मी अप्पांना सांगितलं, आणि आम्ही सगळे लिंबावर हसलो.

*

आमच्याकडं प्रोग्राम दोन प्रकारचे. बोलका आणि मुका. बोलका म्हणजे तपासायचा. तो दर पावलाला कॉम्प्युटरच्या पडद्यावर सांगत जातो, आता दाणा बघितला, आता नळी उघडली. त्यात घरजावई वगैरे भानगड नसते, सगळी फंक्शनं आपापल्या घरी, त्यामुळं चाल बैलगाडीची. मुका म्हणजे गिऱ्हाइकाकडं जायचा. बडबड काढून टाकलेली, सगळे जावई घरात, पळायला घोडा.

रीत अशी पडली होती, की पेटी बोलक्यावर चार दिवस तपासायची, मग पूजा करायची, नारळ फोडायचा, आणि टेम्पोत चढवताना त्यात मुका भरायचा. नारळ फुटल्यावर पेटी उघडून बघायची नाही, हा अप्पांचा नियम. अपशकुन म्हणे.

एकदा मी विचारलं, "अप्पा, आपण तपासतो बोलका आणि पाठवतो मुका. मग मुका तपासतं कोण?"

अप्पा नारळ सोलत होते. म्हणाले, "मुक्याला काय विचारणार, पोरी?"

सगळे हसले. मीही हसले असणार, कारण पुढं काही बोलल्याचं आठवत नाही.

*

आता लाल बटण. कुठल्याही मशीनवर ते असतंच. नियम असा, की बटण दाबलं की वायरच तुटली पाहिजे. वीज बंद, पट्टा बंद, मधे कुणाची अक्कल नको.

आमच्याकडं आधी तसंच होतं. पण मिलमधली माणसं चहाला जातानासुद्धा लाल बटण दाबायची. मशीन धाडकन थांबायचं, डाळ नळीत तुंबायची, मग हातानं उपसायची. शेठ लोक अप्पांवर उखडायचे. अप्पांनी बसूला सांगितलं, "बटणाची वायर तुझ्या प्रोग्रामात घे. आधी हवा बंद होऊ दे, मग पट्टा हळूहळू थांबू दे. माणूस कसा बसतो, तसं मशीन बसलं पाहिजे."

बसूनं करून दिलं. बटण दाबलं की मेमरीत एका ठिकाणी 'थांबा' अशी खूण पडायची. प्रोग्राम दर फेरीला ती खूण बघायचा आणि शिस्तीत सगळं थांबवायचा. शेठ लोक खूश. एकानं तर फोन करून सांगितलं, "अप्पा, तुमचं मशीन नव्या सुनेसारखं बसतंय हो, आवाज न्हाई की काही न्हाई."

*

हसायचं होतं ते इथं संपलं.

नांदेडजवळच्या एका डाळ मिलमध्ये मारोती आमच्या मशीनवर ऑपरेटर होता. हदगावच्या पुढच्या गावचा, तिशीतला गडी. मशीन बसवायला मी गेले होते तेव्हा त्यानं प्रत्येक बटण दोनदा विचारून घेतलं होतं. नवा माणूस मिलमध्ये आला की मारोती त्याला पहिलं वाक्य शिकवायचा, "आधी लाल, मग हात." मिलमध्ये त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, मशीनवाला म्हणत. त्याला ते आवडायचं.

एक दिवस डाळ वर नेणाऱ्या पट्ट्याच्या रोलरमध्ये पोत्याची सुतळी गुंडाळली. मिलमध्ये त्या दिवशी चाळण्यांची झाडझूड चालली होती, धुळीनं समोरचा माणूस दिसत नव्हता. मारोतीनं लाल बटण दाबलं. पट्टा मंदावला. त्यानं सुतळी काढायला डावा हात घातला. पट्टा परत पळाला.

चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

शेठचा फोन अप्पांना आला तेव्हा मी शेजारीच होते. "अप्पा, घाबरू नका. मशीन चांगलं हाय. माणूस बेकार निघाला."

आम्ही तिघंही गेलो. मिल चालूच होती. अप्पांनी सगळ्यांसमोर लाल बटण दाबलं, मशीन बसलं. शेठनं दाबलं, बसलं. बसूनं दाबलं, बसलं. जमलेल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं आणि निकाल लागला. कुणी म्हणालं, मोबाईलमध्ये डोकं असंल. कुणी म्हणालं, प्यायला असंल. त्याचाच मेहुणा तिथं हमाल होता, तो म्हणाला, "लई शाना समजायचा सोताला." पट्टा थांबता थांबता परत पळाला, हे मारोतीचं म्हणणं सगळ्यांना जास्तच खोटं वाटलं, कारण एकदा लाल दाबल्यावर हिरवं दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं.

दवाखान्यात मारोती शुद्धीवर होता. हाताकडं बघत नव्हता. नोकरीचं, औषधाचं, कशाचंच बोलला नाही. मला म्हणाला, "ताई, तुमी मशीनची मान्सं. तुमी सांगा समद्यायला. म्या दाबलं व्हतं."

मी मान हलवली. बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "दुखण्यात माणूस काहीबी बोलतो." बसू रिक्षा बघायला पुढं गेला. मला दोघांचा राग आला आणि का आला ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

शेठनं मारोतीला कामावर परत घेतलं नाही. बोटं गेली म्हणून काढलं असतं तर एक वेळ समजलं असतं. खोटं बोलतो म्हणून काढलं. नांदेडच्या मिलवाल्यांत ते पसरलं, आणि चौकीदार म्हणूनसुद्धा त्याला कुणी उभं करेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण तेव्हा चोर कोण ते आम्हालाच ठाऊक नव्हतं.

*

ती पेटी बदलून आम्ही लातूरला आणली होती. शेडमध्ये आमचाही एक लहान पट्टा आणि कॅमेरा आहे, तपासायला. मी बसूच्या मागं लागले. तो वैतागला. "मॅडम, मिलमध्ये सगळ्यांनी दाबून बघितलं की. अजून काय पाहिजे?"

"परत बघ."

त्यानं पेटीत बोलका भरला, पट्टा चालू केला, बटण दाबलं. पट्टा बसला. पडद्यावर ओळ आली, बटण मिळालं, थांबतोय. "बघा."

"मिलमध्ये बोलका होता का?"

त्यानं बोलका पुसला. मग मुका भरला. बटण दाबलं, पट्टा बसला. परत दाबलं, परत बसला. तो हात झटकून उठायला लागला. मला मिलमधली ती धूळ आठवली आणि उदगीरच्या शेठचं ओलं फडकं आठवलं. मी शेडच्या कोपऱ्यातली मूठभर चुनी उचलली आणि कॅमेऱ्याच्या काचेवर टाकली.

"आता दाब."

बसूनं दाबलं. पट्टा मंदावला. पडद्यावर 'काच पुसा' आलं. आणि रिकामा पट्टा परत पळायला लागला.

बसूनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा मंदावला, पुन्हा पळाला. तो दाबतच राहिला. शेवटी मी भिंतीवरचा मेन स्विच पाडला.

पुढचं तपासणं सोपं होतं. बसूनं स्टॅकची सगळी जागा एकाच आकड्यानं भरून ठेवली, प्रोग्राम चालवला आणि तो आकडा कुठवर पुसला गेलाय ते बघितलं. कुठवर काय, सगळाच पुसला होता. जावयांचं सामान मिळून मुख्य फंक्शनची जागा एवढी फुगली होती, की खळं संपून शेजारच्या जागेत गेली होती. मधे कुंपण नसतंच. कोपऱ्यात पडून राहणाऱ्या त्या धूळवाल्याचा वाटा नेमका हद्दीबाहेर आला होता. काच स्वच्छ असली की तो आपला वाटा वापरायचाच नाही, म्हणून काही बिघडायचं नाही. धूळ बसली की तो निरोप लिहायला बसायचा, आणि त्याची अक्षरं जिथं पडायची तिथं 'थांबा'ची खूण ठेवलेली होती. खूण पुसली, प्रोग्रामनं बघितलं, थांबायला कुणी सांगितलेलंच नाही. तो आपल्या कामाला लागला.

बोलक्यात सगळे आपापल्या घरी. म्हणून बोलका कधी चुकला नाही.

बसू खुर्चीवर बसला. म्हणाला, "मॅडम, त्यानं दाबलं होतं."

*

अप्पांना सांगितलं तेव्हा ते देव्हाऱ्याजवळ होते. पूर्ण ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, "किती मशीनात हा मुका हाय?" बसू म्हणाला, "सगळ्याच." अप्पा तिथंच खाली बसले.

माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडचं सगळं काम थांबवलं. लातूर, उदगीर, नांदेड, जिथं जिथं पेटी होती तिथं माणसं पाठवली. लाल बटण परत वायरवर घेतलं, मुका बदलला, घरजावई बाहेर काढले. मशीन मंदावलं. डाळीत पुन्हा काळे दाणे यायला लागले, शेठ लोकांचे फोन सुरू झाले. अप्पा प्रत्येकाला एकच सांगायचे, "राहू द्या काळे दाणे."

पण का बदलतोय, ते कुणाला सांगितलं नाही. मोफत सर्व्हिस कॅम्प, असं नाव दिलं. मी भांडले. म्हटलं, मारोतीच्या शेठला तरी सांगा. अप्पा म्हणाले, "वैशाली, शेडवर पंधरा घरं चालतात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. त्यांनाही ते लगेच कळलं, कारण त्यांनी नजर खाली घातली. पण मत बदललं नाही.

मग मीच त्या शेठकडं गेले आणि सगळं सांगितलं. त्यानं चहा मागवला, शांतपणे ऐकलं. "मॅडम, मिटलेलं कामून उकरता? पोलीस न्हाई, कोरट न्हाई, समदं गोडीत मिटलंय. तुमाला तरास, मला तरास, अप्पाला तरास."

"आणि मारोतीला?"

"तेला काय आता? तेचं झालं की."

त्याच महिन्यात मिलवाल्यांच्या एका कार्यक्रमात अप्पांचा सत्कार झाला. ह्या जमान्यात गिऱ्हाइकाच्या दारात येऊन मोफत सेवा देणारा माणूस, असं सांगून शाल पांघरली, नारळ दिला. अप्पांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि स्टेजवर रडले. लोकांना वाटलं, भारावले.

*

मारोतीच्या गावी मी आणि बसू गेलो, अप्पांना न सांगता. बसू हदगावपर्यंत बसच्या खिडकीतून बाहेर बघत होता. काय बोलायचं ते मनाशी घोकत होता, ओठ हलताना दिसत होते.

मारोती ओसरीवर बसला होता. आम्हाला बघून गडबडीनं उठला, सतरंजी टाकली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. पाणी देऊन ती सूप घेऊन दाराशी बसली आणि तूर पाखडायला लागली. सुमन तिचं नाव. डावा हात मारोतीनं टॉवेलखाली घेतला होता.

बसूनं पाण्याला हात लावला नाही. म्हणाला, "मारोतीभाऊ, तुमी बटण दाबलं होतं. आमच्या प्रोग्रामात खोट होती, त्यानं तुमचं दाबलेलं पुसून टाकलं. प्रोग्राम मी लिहिला होता. चूक माझी हाय. तुमी खोटं बोलला न्हाईत."

मारोतीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग थोडं हसला.

"न्हाई सर. खामखा मनाला लावून घिऊ नका. म्या दाबलंच न्हवतं."

मी म्हटलं, "मारोतीभाऊ, दवाखान्यात तुम्हीच मला सांगितलं होतं."

"हाव ताई, तवा तसंच वाटायचं. पण शेठ म्हणले न्हाई दाबलं. मेव्हणा म्हणला. तुमचे अप्पा म्हणले. समद्यायनं दाबून बघितलं, मशीन बसलं. येवढी मान्सं खोटं कशाला बोलतील? मग म्या इचार करून करून बघितलं. आता मला सोच्छ दिसतंय बगा. बटण तिथंच हाय, आन् म्या तसाच वाकून राहिलो."

"आम्ही तपासलंय," बसू म्हणाला. "शेडमध्ये तसंच झालं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुमी दाबलं होतं."

मारोतीनं टॉवेलखालचा हात बाहेर काढला आणि बसूच्या गुडघ्यावर ठेवला. "तुमी शिकलेली मान्सं, दुसऱ्याची चूक अंगावर घिता. चहा घ्या."

दाराशी पाखडणं थांबलं. सुमन मान वर न करता म्हणाली, "दाबलं व्हतं त्येनं."

मारोती तिच्यावर खेकसला. "तू गप. तू व्हतीस का तिथं?"

"तिथं न्हवते. हितं हाय की," ती म्हणाली. "रोज झोपंत माज्या पाठीत उजवा हात दाबून राहतोय. दाबतोय, थांबतोय, परत दाबतोय. म्या हालत न्हाई मंग. हालले, की वरडून उठतोय."